अल्डेन टेनीचा कायमचा करार

आमच्या कॅनफील्ड गावात अल्डेन टेनीइतका हटवादी माणूस दुसरा नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर तो म्हणाला होता, "गाव लहान आहे, बॉबी. तुला तुलनेला माणसं कमी पडतात." मी इथे गावकचेरीत दस्त नोंदवते, तेवीस वर्षं झाली. कुणी कुणाला जमीन विकली, कोण कुठे पुरला गेला, सगळं माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात असतं. कपाट सगळ्यांना उघडं आहे, पण उघडतं कोण! लोकांना कागदापेक्षा माझं तोंड बरं वाटतं.

अल्डेनने तीस वर्षं गावाचे रस्ते बर्फातून मोकळे केले. पहाटे त्याचं ते बर्फ ढकलणारं पिवळं धूड रस्त्यावरून खरडत गेलं की लोक उठायचे. सगळ्यांची फाटकं तो अगदी निगुतीने साफ करायचा, फक्त धाकट्या भावाच्या, ड्वाइटच्या, फाटकासमोर नेमका कमरेएवढा ढीग टाकून जायचा. ड्वाइट तक्रार घेऊन आला की अल्डेन साळसूदपणे म्हणायचा, "बर्फ आहे बाबा, कुठेतरी पडणारच." पुढे तर हे बोलणंही बंद झालं.

कारण जमीन. बापाचं चारशे एकर जंगल होतं, मेपल आणि बर्चचं. त्याच्या मरणानंतर दगडी भिंतीच्या अलीकडचं अल्डेनला आलं, पलीकडचं ड्वाइटला. चौदा वर्षांपूर्वी ड्वाइटने आपला हिस्सा एका बिल्डरला विकला, स्वतःला भिंतीलगतचे तीन एकर आणि एक खोपटं ठेवून. बिल्डरने सगळे मेपल आडवे केले, अकरा घरं उभी केली आणि वस्तीला नाव दिलं मेपल हाइट्स. मार्चमधल्या गावसभेत अल्डेन उभा राहिला आणि म्हणाला, "आता तिथे एकच मेपल उरलाय. पाटीवरचा." गाव हसलं. ड्वाइट उठून गेला. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

अल्डेन आणि त्याची बायको अर्लीन यांना मूलबाळ नव्हतं. म्हणजे उद्या हे दोघं गेले की जंगल जाणार कोणाकडे? ड्वाइटकडे. या विचाराने अल्डेनची झोप उडाली. शेवटी तीन वर्षांनी त्याने जंगलाचा कायमचा करार करायचं ठरवलं. गोष्ट साधी असते. जमीन तुमचीच राहते, विकता येते, वारसाला देता येते, नियमात बसतील तेवढी झाडंही तोडता येतात. फक्त तिथे बांधायचा, खणायचा, तुकडे पाडायचा हक्क तुम्ही जमिनी राखणाऱ्या संस्थेच्या हवाली करता. ती संस्था तो हक्क वापरत नाही, नुसती त्याच्यावर बसून राहते. तुम्ही मेलात तरी आणि जमीन दहा हात फिरली तरी.

सह्या माझ्याच कचेरीत झाल्या, साक्षीला मीच होते. संस्थेकडून हॅना नावाची पोरगी आली होती, नुकतीच कॉलेजातून सुटलेली, बुटांना चिखल. वकिलाने यादी काढली. मालक स्वतःसाठी काही सवलती राखून ठेवू शकतो, त्यांची ती यादी. बहुतेक लोक इथे भलतेच भाविकपणे होकार देत जातात.

"शिकारीच्या दिवसांसाठी एक लहान झोपडी?" वकिलाने विचारलं.

"खोडा," अल्डेन म्हणाला.

"एखादं तळं?"

"बदकं विचारायला आली होती का? खोडा."

"कुटुंबापुरती दफनाची जागा?"

अर्लीन इतका वेळ बाजूला विणत बसली होती. तिने सुया मांडीवर ठेवल्या. "एवढं राहू दे, अल्डेन."

"अगं, मरायची एवढी काय घाई आहे?"

"घाई नाही. जागा हवी."

"आज थडगं म्हणतील, उद्या थडग्यावर छप्पर, परवा छपराला खिडक्या आणि धुराडं. ड्वाइटला मी ओळखतो. खोडा हो!"

मी हसले. आता ते हसणं मला आवडत नाही, पण हसले खरी. अर्लीनने माझ्याकडे एकदा पाहिलं, चष्मा लावला आणि खोडलेल्या ओळीपाशी त्याच्या आद्याक्षरांखाली आपली टाकली. त्यानंतर अल्डेनने शेवटच्या कलमात स्वतःच्या पदरची भर घालायला लावली. करारात बदल करू नये, असं तिथे होतंच. अल्डेन म्हणाला, "मालकाच्या अडचणीचा, सोयीचा किंवा दुःखाचा विचार करूनही करू नये, असं लिहा." वकील म्हणाला, "दुःख हा कायद्याचा शब्द नाही, मिस्टर टेनी." "मग आजपासून झाला," अल्डेन म्हणाला. तोही शब्द बसला. बाहेर पडताना तो शीळ घालत होता, चाळीस वर्षांत प्रथमच मी त्याची शीळ ऐकली.

पुढची अकरा वर्षं त्याने त्या कराराचं असं काही कौतुक केलं की विचारू नका. दर ऑक्टोबरात हॅना हद्दीवरून चालत पाहणीला यायची. बाकीचे मालक या दिवशी नेमके दातांच्या डॉक्टरकडे जातात. अल्डेन पहाटेपासून काठी घेऊन फाटकात. एके वर्षी त्याने स्वतःच्याच हातून जंगलात राहिलेली गंजकी बादली तिला दाखवली आणि अहवालात लिहायला लावली. "मालकाने भंग केला म्हण," तो म्हणाला. हॅना म्हणाली, "बादलीने काही भंग होत नाही हो!" "आज बादली," अल्डेनने सुरुवात केली, आणि ती बिचारी मुकाट्याने लिहू लागली. अहवालांच्या प्रती माझ्याकडे येतात. प्रत्येकात एक ओळ ठरलेली असे: घरापासून उत्तरेच्या भिंतीपर्यंत वापरातली पायवाट, मालकाच्या म्हणण्यानुसार हरणांची.

ती वाट एका म्हाताऱ्या पिवळ्या बर्चपाशी संपायची. झाड भिंतीला अगदी खेटून, अल्डेनच्या बाजूला. अर्लीनने फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं की मला तिथे पुरा. लग्नानंतर नवऱ्याशी पहिलं भांडण तिथेच झालं होतं म्हणे, आणि ती जिंकली होती. दुसरं कारण तिने मला सांगितलं होतं. गावच्या दफनभूमीत टेनी घराण्याच्या ओळीत आता एकच जागा मोकळी होती, सासूच्या शेजारची. "बेचाळीस वर्षं त्या बाईच्या शेजारच्या खोलीत काढली," अर्लीन म्हणाली, "तेवढं पुरे झालं ना गं?"

यंदाच्या फेब्रुवारीत अर्लीन गेली. इस्पितळात शेवटच्या दुपारी तिने अल्डेनला विचारलं, "बर्चखाली ना?" तो म्हणाला, "हो. तिथेच." मला आजवर कळलेलं नाही की तिला खोडलेली ओळ आठवत होती का. मला वाटतं आठवत होती. तिला कुणाचा वाढदिवस कधी असतो तेसुद्धा सगळ्या गावाचं आठवायचं.

आमच्याकडे थंडीत गेलेल्या माणसाला लगेच माती मिळत नाही. जमीन चार फूट गोठलेली असते, पहारसुद्धा परत येते. दफनभूमीच्या कडेला दगडी खोली आहे, तिथे हिवाळ्यातली माणसं मे महिन्यापर्यंत थांबतात. अर्लीन तिथे थांबली, आणि अल्डेन मार्चच्या सुरुवातीला हाताने काढलेला नकाशा घेऊन माझ्याकडे आला. खाजगी जमिनीत पुरायचं असेल तर कचेरीत तसा नकाशा नोंदवावा लागतो. त्याने बर्च काढला होता, भिंत काढली होती, आणि मधे दोन चौकोन, एकाला एक चिकटून.

मी नकाशा बघितला. "अल्डेन, चौथं कलम."

"त्याचं काय?"

"खणायला बंदी आहे. दफनाची सवलत होती. तू खोडलीस."

"ते घरांसाठी होतं."

"कागदावर घरांसाठी असं लिहिलेलं नाही. कशासाठीही असं आहे."

मी कपाटातून दस्त काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उभ्या उभ्या वाचला, मग बाकावर बसून परत वाचला. खोडलेल्या ओळीवर त्याची स्वतःची आद्याक्षरं होती, आणि खाली अर्लीनची. "मी तिला हो म्हटलंय, बॉबी," तो म्हणाला. "ती विचारत होती आणि मी हो म्हटलं." मी उठून कचेरीचं दार आतून लावून घेतलं, कोणी येऊ नये म्हणून.

संस्थेला पत्र गेलं. समिती बसली. पंधरा दिवसांनी उत्तर द्यायला हॅना स्वतः आली. ती आता तेहतीस वर्षांची आहे, पण त्या दिवशी परत बावीसची दिसत होती. अल्डेनने भेट माझ्या कचेरीत ठेवली होती. घरात म्हणे खुर्च्या सगळ्या अर्लीनच्या होत्या.

"मी खूप भांडले, मिस्टर टेनी," ती म्हणाली.

"कोणाशी?"

"समितीशी. तुमच्यासाठी."

"मग तुला कामावरून काढायला हवं," अल्डेन म्हणाला. "उद्या दुसरा कोणी मालक येईल, डोळे पुसेल. त्याच्यासाठीही भांडशील?"

"ते नाही म्हणाले. शेवटच्या कलमावर बोट ठेवलं," हॅना म्हणाली. तिने कागद वाचायला घेतला. अडचणीचा, सोयीचा, इथपर्यंत वाचून ती थांबली. पुढचा शब्द तिला वाचवेना.

"दुःखाचा," अल्डेनने वाक्य पुरं केलं. "माझंच आहे ते. चांगलं केलंय. हो म्हणाले असते तर मी तुमच्यावर खटला भरला असता." आणि त्याने तिचा हात हातात घेऊन हलवला, एखादं मोठं काम उरकल्यासारखा. ती रडतच गाडीत बसली. तिची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तो लोक कागद ठेवतात त्या माझ्या लांब फळीला टेकला. "मूर्ख म्हातारा," तो म्हणाला. मी नाही म्हटलं नाही. माझाही राग होताच की त्याच्यावर, अर्लीनच्या वतीने.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं, रस्त्यांवर नुसता चिखलाचा राडा झाला. गावातल्या कबरी खणणारा लुसिएन माझ्या फळीपाशी अल्डेनला गाठून म्हणाला, "हे बघ, मी खणतो. माती नीट लावतो, वर पानं पसरतो. ती पोरगी ऑक्टोबरात येते. कोण बघतंय? तुझ्या घराच्या आवाराला करार नाही, पण तिथे विहिरीजवळ पुरता येत नाही, आणि उरला तो सगळा खडक."

अल्डेन दोन दिवस कुणाला दिसला नाही. मी मनात म्हणत होते, कर बाबा एकदाचं, आयुष्यात एकदा तरी लबाडी कर! तिसऱ्या दिवशी तो आला. दाढी वाढलेली, बुटाची एक नाडी सुटलेली.

"लुसिएनला सांग, नको."

"का रे?"

"अर्लीनला चोरून पुरू? आणि दर ऑक्टोबरात त्या पोरीबरोबर तिच्यावरून चालत जाऊन म्हणू, इथे काही नाही, पुढे चल?" त्याने मूठ फळीवर आपटली. "इथे काही नाही, असं म्हणू मी?"

मी त्याला कॉफी दिली. ती त्याने घेतली नाही. मग भिंतीवरच्या गावाच्या नकाशाकडे बघत, जणू काही नवीनच दिसलंय अशा थाटात त्याने विचारलं, "भिंतीपलीकडचे ते तीन एकर कुणाचे आहेत?"

"अल्डेन, तुला माहीत आहे ते कुणाचे आहेत."

"दप्तरात काय आहे ते विचारतोय मी."

"दप्तरात ड्वाइट टेनी आहे."

"त्यांना विचार, सहा फूट बाय आठ फूट जागा देतात का. बर्चच्या समोर. दोघांची."

"तू विचार. सख्खा भाऊ आहे."

"मी त्यांच्याशी बोलत नाही," तो म्हणाला. भावाला अहो-जाहो करण्याइतका तो दूर गेला होता, आणि मी त्याला तेवढ्याचसाठी हाकलून देणार होते. पण मे महिना तीन आठवड्यांवर आला होता आणि अर्लीन तिकडे दगडी खोलीत थांबली होती.

मेपल हाइट्सचा रस्ता डांबरी आहे, त्यामुळे माझी गाडी राड्यात न अडकता पोचली. हे मी अल्डेनला सांगितलेलं नाही. ड्वाइट पायरीवर बसून जाळीच्या दाराला ठिगळ लावत होता.

"अल्डेनने पाठवलं?"

"अल्डेनने पाठवलेलं नाही, असं सांगायला सांगितलंय."

तो हसला, आणि मी काय ते सांगितल्यावर हसायचा थांबला. "जागा विचारायची आहे? तिची जागा आहेच इथे. ती बसायची ना तो दगड, त्याच्याच शेजारी घ्या."

"कोण बसायची?"

"अर्लीन. दर गुरुवारी. अल्डेन अग्निशमन ठाण्यात पत्ते खेळायला गेला की ही भिंतीवरून इकडे. टोपलीत गरम डोनट. चौदा वर्षं, बॉबी, बर्फ असलं तरी." त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. "आधी म्हणायची, भाऊ आहात, बोला. मी म्हणायचो, त्याने आधी बोलावं. ती म्हणायची, तोही अगदी हेच म्हणतो. नंतर तिने तो विषय सोडला. मग आम्ही हवापाण्याचं बोलायचो. किती घेणार जागेचे, असं त्याने विचारलं असेल तर त्याला सांग, मी त्याला भिंतीवरून फेकून देईन."

परत येताना मी विचार करत होते, हे सांगायचं की गिळायचं. आयुष्यभर लोकांचे कागद सांभाळलेत, गिळायची मला सवय आहे. पण हे मला गिळवेना. मी सरळ त्याच्या घरी गेले. तो स्वयंपाकघरात उभ्याने घेवड्याचे दाणे खात होता, डब्यातूनच, थंड.

"जागा मिळाली," मी म्हटलं. "आणि अल्डेन, ती वाट हरणांची नव्हती."

मी सगळं सांगितलं. तो चमचा हातात धरून ऐकत राहिला. मला वाटलं, आता आदळआपट करणार, माणूसच तसा. तो एवढंच म्हणाला, "डोनट?"

"डोनट."

"मला गुरुवारी कधी डोनट मिळाले नाहीत." मग तो खाली बसला, अर्लीनच्या खुर्चीत, आणि मोठ्याने रडला. मी त्याला पन्नास वर्षं ओळखते. मी भांडी घासत राहिले, घासून झालेली परत घासली.

नवा नकाशा मी नोंदवला. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमीन मऊ झाली. लुसिएनने पलीकडे खड्डा खणला. शववाहिका मेपल हाइट्सच्या रस्त्याने थेट दहा पावलांवर येऊ शकत होती, तसं सगळ्यांनी अल्डेनला सांगून पाहिलं. "ज्या वाटेने ती जायची त्याच वाटेने जाईल," तो म्हणाला. करारात गाडीला बंदी होती, चालायला नव्हती. आम्ही आठ जणांनी पेटी उचलली, त्यात हॅनाही होती, आणि काळ्या माश्या कानात शिरत असताना त्या पायवाटेने निघालो. वाट छान तुडवलेली होती. कुठे मूळ आडवं आलं नाही, ओल्या जागी कुणीतरी चपटे दगड टाकून ठेवले होते. अल्डेन प्रत्येक दगडापाशी जरासा थांबत होता.

भिंत छातीला लागेल एवढी. पलीकडे ड्वाइट आणि नव्या घरांतले तिघं उभे होते, काळ्या कोटात. लुसिएन भिंतीवर चढून हळूच म्हणाला, "वरचे चार दगड काढून बाजूला ठेवू, मग परत लावू. सोपं पडेल."

"अकरावं कलम," अल्डेन म्हणाला. "भिंतीचा दगड हलवायचा नाही."

"मी बघत नाहीये," हॅना म्हणाली, आणि खरंच तिने मान फिरवली.

"मी बघतोय ना," अल्डेन म्हणाला.

मग उचलावंच लागलं. आम्ही सगळ्यांनी पेटी खांद्यावर घेतली, मग खांद्याच्याही वर. पुढचं टोक भिंतीवरून पलीकडे सरकलं, पलीकडच्यांनी ते झेललं. एकेक करून आमचे हात सुटत गेले. शेवटी मागच्या टोकाला एकटा अल्डेन उरला, टाचा उचलून, गाल लाकडाला लागलेला. पुढे ड्वाइट होता. दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, मधे ती होती.

"धरलंस का?" अल्डेनने विचारलं.

"धरलंय," ड्वाइट म्हणाला. "सोड."

अल्डेनने सोडलं नाही. लुसिएन मदतीला पुढे व्हायला लागला तशी मी लुसिएनची बाही ओढली.

"अल्डेन, मी धरलंय तिला. सोड आता," ड्वाइट म्हणाला.

"डोकं तुझ्या बाजूला आहे तिचं," अल्डेन म्हणाला. "हळू घे." आणि त्याने हात काढले.